स्वप्नात कळलेली तारीख

त्या प्रकरणाची आठवण मला आजही येते, आणि येते ती बहुतेक दुपारी. जेवण झालेलं असतं, पंखा फिरत असतो, डोळ्यांवर झापड येते, आणि एक म्हातारी बाई ओट्यावर बसून हळू आवाजात मला काहीतरी सांगते आहे असं वाटतं.

पोलीस खात्यात आयुष्य गेलं. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण कुणी म्हटलं, "साहेब, एखादी केस सांगा," की मला ही आठवते. या प्रकरणात आरोपी कुणीच नव्हता, कोर्टात काही गेलं नाही. कागदोपत्री ही एक साधी 'मिसिंग' होती. नावं मी कुणाचीच देणार नाही. माणसं अजून तिथंच राहतात.

मी तेव्हा वरुड भागातल्या एका तालुक्याच्या गावी ठाणेदार होतो. शेंदूरजनाघाटचा संत्र्याचा बाजार आमच्यापासून फार लांब नव्हता. एप्रिल महिना होता. आमच्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी अकरानंतर गाव हळूहळू मिटत जातं. दुकानांपुढे ओली पोती लटकतात, कुत्री नालीत जाऊन बसतात, रस्त्यावरचं डांबर लांबून पाण्यासारखं चमकतं. ठाण्यातही तीच गत. डायरीवरचा हवालदार डोळे उघडे ठेवून झोपण्यात पटाईत होता. पेन हातात असायचा, मान ताठ, आणि माणूस भलतीकडेच.

अशाच एका दुपारी एक बाई आली. चाळिशीची, डोक्यावर ओढणी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. तिचे वडील आदल्या दिवशी, म्हणजे एकोणीस तारखेला, सकाळी घरून निघाले ते परतले नव्हते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस. आयुष्यभर कापूस पिंजून गाद्या-रजया भरल्या. बायको गेल्यावर लेकीकडे राहत होते. सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणायचा.

"कुठं जातो म्हणून सांगितलं होतं?"

"बँकेत, साहेब. निराधारचे पैसे आणायला."

"मग बँकेत विचारलंत?"

"इचारलं ना. ते म्हणतात, आले होते, पैसे जमा नव्हते, वापस गेले. पन पैसे आलेच नव्हते तर अब्बा गेले कशाला? त्या मावशीच्या सपनाच्या पायी गेले."

डायरीवरचा हवालदार त्या शब्दाला खरोखरीच जागा झाला.

मी बाईला बसायला सांगितलं, पाणी दिलं. तिनं सांगितलं ते असं. गावाच्या टोकाला एक मावशी राहते. तिला निराधारांच्या अनुदानाची तारीख स्वप्नात कळते. दर महिन्याला ती सांगते त्या दिवशी पैसे जमा होतात, कधी चुकत नाही. म्हातारेकोतारे तिच्या तारखेवर विसंबतात. या महिन्यात तिनं एकोणीस सांगितली. मुलीनं वडिलांना अडवलं होतं, उन्हात जाऊ नका म्हणाली होती. त्यावरून वाद झाला.

"मी म्हटलं, अब्बा, सपनावर काय भरोसा? ते लई चिडले. म्हणाले, आऊँगा तो पैसे लेकेच आऊँगा." ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "हेच बोलणं शेवटचं झालं."

मिसिंग दाखल करून घेतली. वर्णन, फोटो, अंगावरचे कपडे लिहून घेतले. बिनतारी संदेश जिल्हाभर दिला, शेजारच्या अकोला जिल्ह्यालाही दिला. मग मला माझ्या टेबलावरच्या ट्रेमध्ये दोन आठवडे पडून असलेला एक निनावी अर्ज आठवला. काढून वाचला. 'सदर बाई देवाधर्माच्या नावाखाली गोरगरिबांना तारखा सांगून लुबाडत आहे, तरी तिच्यावर जादूटोणाविरोधी कायद्याने कारवाई व्हावी.' निनावी अर्ज आम्ही एकदम उचलून धरत नाही. बहुतेकदा त्यात तक्रारीपेक्षा लिहिणाऱ्याचीच अडचण जास्त असते. पण आता एक माणूस हरवला होता. म्हाताऱ्यांना तारखेच्या नावानं एका जागी बोलावून गंडवणारी टोळी असू शकते, हा विचार माझ्या मनात आला, आणि तो येणं चूक नव्हतं.

वयस्क बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या घरीच जावं लागतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी एका महिला शिपायाला घेऊन मी तिच्याकडे गेलो.

दोन खोल्यांचं मातीचं घर, शेणानं सारवलेला ओटा, दारात कडुनिंब. ओट्यावर सात-आठ म्हातारी माणसं बसली होती. पोलीस पाहून कुणी उठलं नाही. इतका वेळ बसल्यावर उठायला त्यांना वेळच लागला असता. मावशी सत्तरीची असेल. बारीक चण, अंगावर धुऊन विरलेलं लुगडं, बोलणं शांत. तिच्यापुढे ना फोटो होता, ना लिंबू, ना ताटली. मी डोळ्यांनीच घर तपासलं. लुबाडलेलं काही ठेवायला त्या घरात जागाच नव्हती.

"मावशी, लोकांना तारीख तुम्ही सांगता?"

"मी नाई सांगत, सायेब. माहा मानूस सांगते. मी फकत ऐकतो."

"तुमचे यजमान कुठं आहेत?"

"थो जाऊन बारा वर्स झाले."

महिला शिपाई लिहिता लिहिता थांबली. मी तिला लिहीत राहा अशी खूण केली.

मावशीचा नवरा गावचा कोतवाल होता. शेतसारा वसूल करायचा असो, लसीकरण असो, नळाला पाणी येणार नसो, तो डफडं वाजवत गल्लीगल्लीतून दवंडी द्यायचा. पुढे ग्रामपंचायतीनं भोंगा आणला, मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले, दवंडी बंद पडली. तो गेला. वर्षभरानं तो तिच्या स्वप्नात यायला लागला.

"डफडं घिऊन येते. थोडं वाजवते. मंग म्हनते, ऐका हो ऐका, निराधारचे पैसे अमक्या तारखेले खात्यात पडून राह्यले. अन् जाते निंघून. मी हाक मारतो त मांगं पाहात नाई."

हे ती इतकं सरळ सांगत होती, की मला माझा पुढचा प्रश्न सुचेना. खोटं बोलणारा माणूस गोष्ट सांगताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतो, पटतं आहे की नाही ते तपासत असतो. ही बाई माझ्याकडे पाहतच नव्हती. ती गल्लीच्या वळणाकडे पाहत होती.

"या वेळी एकोणीस तारीख चुकली. कशी चुकली?"

आता मात्र तिचा चेहरा उतरला. "थेच मले समजून नाई राह्यलं. या बारीनं सपनात पानी पडून राह्यलं होतं. लई जोराचं. अन् वास होता, वल्ल्या वाळ्याचा. पान्याच्या आवाजात त्याचा आवाज दबून गेला. मले एकोनीस ऐकू आलं." मग एकदम म्हणाली, "सायेब, चाचा सापडले काय? माह्या पायी गेले ना थे?"

मी म्हणालो, "तपास सुरू आहे."

ती दिवसभर काय करते ते विचारलं. तहसील कार्यालयाच्या आवारात, मागच्या भिंतीच्या सावलीत, टोपली घेऊन फुटाणे-शेंगदाणे विकते. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा भिंतीला टेकून डोळा लागतो. स्वप्न पडतं ते तेव्हाच. रात्री तिला झोपच येत नाही.

जबाबावर तिचा अंगठा घेतला. ओट्यावरच्या एका म्हाताऱ्यानं आम्ही निघताना मला विचारलं, "सायेब, तुमाले ठावं असंन, पैसे कधी येऊन राह्यले?" मला माहीत नव्हतं. मी तालुक्याचा ठाणेदार, आणि मलाही माहीत नव्हतं.

ते विचारायला मी तहसीलमध्ये गेलो. अनुदानाच्या शाखेपुढे भली मोठी रांग होती. खिडकीशी एक बाबू बसलेला, पस्तिशीचा, डोळ्यांखाली काळं. प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा आणि त्याचं एकच उत्तर ठरलेलं होतं.

"माहीत नाही. येतील तेव्हा येतील. पुढं चला."

मी आत जाऊन त्याच्या मागच्या खुर्चीवर बसलो. बाहेर आग होती आणि आत मागच्या खिडकीत नवा कोरा कूलर लावलेला होता. आवाज मोठा, पण हवा गार. पाणी जाळीवरून खळाळत होतं. दहा मिनिटांत माझी मान खाली आली. मी झोपलो असं म्हणणार नाही, पण जागाही नव्हतो. रांगेतल्या माणसांचे आवाज लांब गेले, कुठेतरी ओढ्याकाठी पडलो आहे असं वाटलं, आणि मग नाकात वास शिरला. ओल्या वाळ्याचा.

मी ताठ बसलो.

कूलरच्या जाळीत वाळा भरलेला होता. मी उठून खिडकीच्या फटीतून बाहेर पाहिलं. खाली, भिंतीला टेकून, टोपली पुढ्यात घेऊन मावशी बसलेली होती. तिचे डोळे मिटलेले होते.

रांग सरेपर्यंत मी थांबलो. मग बाबूला विचारलं, "हा कूलर कधी बसवला?"

"पंधरा दिवस झाले असतील, साहेब. तोवर ही खिडकी उघडीच असायची."

"तुम्ही बँकेशी फोनवर कुठं बसून बोलता?"

त्यानं मागच्या खिडकीजवळचं टेबल दाखवलं. "पुढं कलकल असते. इथं बसूनच बोलतो. यादी गेली, बिल पास झालं, की बँकेचा माणूस तारीख सांगतो. ती मी मोठ्यानं परत म्हणून पक्की करून घेतो. मोठ्यानं बोलायची सवयच आहे माझी."

"म्हणजे तारीख तुम्हाला माहीत असते."

तो टेबलावरचे कागद आवरायला लागला. "या महिन्याची कोणती?" मी विचारलं.

"एकोणतीस," तो म्हणाला.

मी चिडलो होतो, हे लपवणार नाही. वर्दीचा आवाज चढला. एक माणूस हरवला आहे, आणि तुम्ही पुढच्या खिडकीवर माहीत नाही म्हणता? तो पोरगा काही उलटून बोलला नाही. कपाटातून एक फाईल काढून त्यानं माझ्यापुढे ठेवली. त्याला दिलेला मेमो होता. "साहेब, मागं एकदा मी तारीख सांगितली होती. वरून निधी आला नाही. दोनशे माणसं या खिडकीवर आली. एका आजीनं माझी गचांडी धरली, म्हणाली, तूच खाल्ले. वर साहेबांनी विचारलं, तुला सांगायला कुणी सांगितलं होतं? तेव्हापासून मी माहीत नाही म्हणतो. माहीत नाही म्हणणाऱ्याला कुणी मेमो देत नाही."

मी म्हणालो, "उद्या दुपारी एक काम करा. मी बाहेर बसतो. तुम्ही फोन कानाला लावा आणि नेहमीसारखी तारीख म्हणा. कूलर चालू राहू द्या."

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मी मावशीपासून चार हातांवर भिंतीला टेकून बसलो. महिला शिपाई माझ्याजवळ होती. मावशीनं ओळखलं, थोडे फुटाणे दिले. मग ऊन वर आलं, आवार ओस पडलं, कडुनिंबाची पिवळी पानं एकेक करत खाली आली. मावशीची मान कलली. आतून कूलरच्या पाण्यामागून बाबूचा आवाज आला. शब्द पूर्ण येत नव्हते. मधला भाग पाणी खाऊन टाकत होतं. मी कान देऊन ऐकलं, आणि मलाही स्पष्ट ऐकू आलं ते "एकोणीस".

मी शिपायाकडे पाहिलं. तिनं तळहातावर पेनानं आकडा लिहून दाखवला. एकोणीसच.

तेवढ्यात मावशीनं डोळे उघडले. चेहरा असा उजळलेला, की मी नजर वळवली.

"सायेब," ती म्हणाली, "आला होता. आत्ता. तुमच्यासमोर आला होता थो."

मला तिला तिथं काही सांगता आलं नाही. महिला शिपाई खाली मान घालून फुटाणे निवडत बसली.

कोडं सुटलं, पण चाचांचा पत्ता नव्हता. मुलगी रोज ठाण्यात यायची. सकाळी दहाला येऊन बाकावर बसायची. मी तिला रोज एकच सांगायचो, तपास सुरू आहे. चोवीस तारखेला मेळघाटातल्या सेमाडोहकडून संदेश आला, जंगलरस्त्याच्या कडेला एक अनोळखी म्हातारा मृतावस्थेत सापडला आहे, वर्णन जुळतं. मोबाईलवर फोटो आला. असे फोटो दाखवायचं काम कुणालाच सोपं जात नाही. मी तिला आत बोलावलं, बसवलं, आणि फोन तिच्या हातात दिला.

तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "ये अब्बा नहीं." आणि फोन परत देऊन ती जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, अहो, तुमचे वडील नाहीत ना, मग? ती म्हणाली, "साहेब, याची पन कोनी लेक असंन ना. तिले कोन सांगंन?"

त्या दुपारी मी परत त्या बाबूकडे गेलो. कशासाठी, ते मलाही नीट माहीत नव्हतं. त्याला म्हटलं, बँकेला मी विचारलं, चाचांच्या खात्यातून काही काढलेलं नाही. तो म्हणाला, "काढणार कसे साहेब, जमाच नाहीत. पण पैसे आले का ते बघायला म्हातारी माणसं रोज कुठल्या ना कुठल्या सेवा केंद्रावर अंगठा लावतात. तो अंगठा बँकेत दिसतो. ते विचारलंत का?"

ते मी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं तपास करून, काढलेले पैसे तेवढे विचारले होते. लगेच बँकेला पत्र दिलं. तासाभरात उत्तर आलं. वीस तारखेपासून रोज सकाळी, खात्यावर फक्त शिल्लक तपासलेली होती. रोज एकाच केंद्रावरून. अकोल्याच्या बसस्थानकाजवळून.

माणूस जिवंत होता. मुलीला फोन केला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, अकोल्याची पहिली गाडी किती वाजता?

पंचवीसला पहाटेच्या गाडीनं मी तिला घेऊन निघालो. सरकारी गाडी घेतली नाही. का घेतली नाही हे आता सांगता येणार नाही, बहुधा चाचा ज्या वाटेनं गेले ती वाट पाहावी असं वाटलं असेल. अमरावतीत राजापेठला गाडी बदलली. संत्र्याच्या बागा मागे पडल्या, मग नांगरून तापत पडलेली काळी जमीन दोन्ही बाजूंना. खिडकीतून गरम वारा येत होता. मुलगी माझ्या पुढच्या सीटवर बसून झोपली होती. पाच दिवसांनी पहिल्यांदा झोपली असावी.

अकोल्याच्या बसस्थानकामागे गाद्या भरणाऱ्यांची दोन-तीन दुकानं आहेत. त्यातल्या एकापुढे, कापसाच्या ढिगाशेजारी, चाचा बसले होते. डोळ्यांवर चष्मा, हातात मोठी सुई, रजईला टाके घालत होते. केसांवर, भुवयांवर, मिशांवर कापसाचे तंतू. उन्हाच्या तिरिपेत तो कापूस हवेत तरंगत होता आणि म्हातारा त्यात इतका निवांत होता, की आम्ही दोघंही क्षणभर हाक मारायला थांबलो.

मुलगीच पुढे गेली. "अब्बा."

त्यांनी वर पाहिलं. सुई बाजूला ठेवली. "तू कायको आयी इतनी धूप में?"

मी जबाब घेतला. बँकेत पैसे नाहीत म्हटल्यावर तिथल्या रांगेतलं कुणीतरी हसलं होतं, चाचाला स्वप्नात तारीख दिसली म्हणून. घरी तोंड दाखवावंसं वाटेना. पंचाहत्तरीनंतर एस.टी.चा प्रवास फुकट असतो, म्हणून समोर आलेल्या गाडीत बसले. अमरावतीला उतरले, पुढच्या गाडीत बसले. अकोल्याला तरुणपणी काम केलं होतं. जुना मालक नव्हता, त्याचा नातू होता. त्यानं ओळख विचारली नाही, सुई दिली. दुकानातच झोपायचे.

"चला आता घरी," मी म्हणालो.

"पैसे आल्यावर जाईन, साहेब. तसं बोलून आलो मी."

"पैसे एकोणतीसला येणार आहेत. मी तहसीलमधून माहिती घेतली आहे."

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मावशी बोली क्या?"

"मावशी नाही. मी सांगतो आहे ना."

"साहेब, बुरा मत मानो. ऑफिसवाले तर रोज काहीबाही सांगतात. मावशीनं मले कधी खोटं नाई सांगतलं."

मुलगी हतबल होऊन माझ्याकडे पाहायला लागली. सज्ञान माणूस, स्वतःच्या मर्जीनं घर सोडून आलेला. कायद्यानं मी त्याला एक पाऊलही हलवू शकत नव्हतो. मी महिला शिपायाला फोन लावला आणि मावशीकडे जायला सांगितलं. अर्ध्या तासानं मावशी फोनवर आली.

"मावशी, चाचा सापडले."

"देवा रे बाप्पा," ती म्हणाली, आणि बराच वेळ तेवढंच म्हणत राहिली.

"ते म्हणतात, तुम्ही तारीख सांगितली तर घरी येतील. खरी तारीख एकोणतीस आहे."

"पन थो त एकोनीस म्हनला सायेब. मी कशी बदलू? त्याचं म्हननं मी कशी बदलू?"

मग मला सांगावं लागलं. स्थानकामागच्या गोंगाटात, एका हातानं दुसरा कान दाबून, मी तिला खिडकीचं सांगितलं, बाबूच्या फोनचं सांगितलं, कूलरच्या पाण्याचं आणि वाळ्याचं सांगितलं. शक्य तितकं हळू सांगितलं. पलीकडे काहीच आवाज नव्हता. फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"हावो, आहो मी," ती म्हणाली. मग विचारलं, "म्हंजे इतके वर्स थो बाबूच होता काय?"

"हो, मावशी."

मग म्हणाली, "द्या चाचाले फोन."

मी स्पीकर लावून फोन चाचांपुढे धरला. तिचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. "भाऊ, माहा मानूस नाई चुकला. माह्याच ऐकन्यात फरक पडला. पानी पडून राह्यलं होतं ना. एकोनतीस होये. मी सांगून राह्यली. या घरी तुमी."

चाचांनी मान डोलावली. "बस. तो फिर उनतीस." त्यांनी सुईतला दोरा तोडला, रजईची घडी घातली, अंगावरचा कापूस झटकला, आणि आम्ही निघालो.

एकोणतीस तारखेला पैसे जमा झाले.

त्यानंतर मी तहसीलदारांना भेटलो. पुढच्या खिडकीशेजारी एक फळा लागला. त्यावर बाबू तारीख लिहायचा, आणि खाली त्याच अक्षरात 'निधी न आल्यास बदलेल, बदललेली तारीख इथेच लिहू'. दोन महिन्यांनी ती एकदा बदललीही. बाबू घाबरून मला फोन करून बसला, बंदोबस्त पाठवा म्हणाला. मी एक शिपाई पाठवला. काही झालं नाही. लोकांनी नवी तारीख वाचून घेतली, दोघं-तिघं कुरकुरले, आणि घरी गेले. निनावी अर्ज कुणाचा होता तेही कळलं. तारीख सांगायला पैसे घेणारा एक दलाल त्या आवारात बसायचा. मावशी फुकट सांगायची, म्हणून त्याचा धंदा बसला होता. त्याला समज दिली.

मावशीला मी एकदा भेटायला गेलो. खरं तर माफी मागायला गेलो होतो, पण पोलिसाला ते शब्द लवकर सापडत नाहीत. मी नुसताच ओट्यावर बसलो. तीच म्हणाली, "मले थोडं वाटलंच होतं, सायेब. जिता होता तवा इतकं गोड नाई बोलत होता थो." आणि हसली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. ते माझ्यामुळे झालं होतं, हे मला आजही विसरता येत नाही. तपास खरा निघाला, पण खरा निघालेला तपास कुणाचं काहीतरी घेऊनही जातो, हे मी तिच्या ओट्यावर पाहिलं.

आणि स्वतःबद्दलही एक गोष्ट मला तेव्हा दिसली. मी त्या बाबूवर ओरडलो होतो. पण चाचांची मुलगी पाच दिवस माझ्या बाकावर बसून होती आणि मी तिला रोज एकच उत्तर दिलं होतं. मला काय कळलं, काय कळलं नाही, कुठे संदेश गेले, उद्या काय करणार, हे मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काही बिघडणार नव्हतं. चुकलो तर कुणी बोलेल, एवढीच ती भीती. माहिती हातात असून न देणारा माणूस दुष्ट असतोच असं नाही. बहुतेकदा तो घाबरलेला असतो. पण दारात बसलेल्याला त्याची भीती दिसत नाही, फक्त बंद तोंड दिसतं.

पुढे माझी बदली अकोला जिल्ह्यात झाली. तिथे एका बापाची कॉलेजात जाणारी मुलगी हरवली होती. तीन दिवस तो ठाण्याच्या व्हरांड्यात बसून होता, अन्नाला शिवला नव्हता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. सांगितलं, आज आम्ही चार ठिकाणी शोधलं, काही मिळालं नाही. उद्या तिच्या मैत्रिणींचे जबाब घेऊ. उद्या संध्याकाळी सहा वाजता मी तुम्हाला सांगेन. काही कळलं नाही, तरी सहा वाजता तसं सांगेन.

त्यानं पुन्हा विचारलं, "सहा वाजता?"

"सहा वाजता."

त्यानं भिंतीला पाठ टेकली. थोड्या वेळानं पाहिलं तर तो बसल्या बसल्या झोपला होता, तोंड किंचित उघडं, हात गुडघ्यांवर. मी आत जाऊन हवालदाराला वायरलेसचा आवाज कमी करायला सांगितलं.